अज्ञेय आणि संशय : एका समीक्षकीय गल्लतीची चिकित्सा

मराठी समीक्षेत लेखकाच्या जीवनदृष्टीविषयी बोलताना काही विशेषणे जोडीने येतात. ‘अज्ञेयवादी’ आणि ‘संशयवादी’ ही अशीच एक जोडी. एखाद्या कवीचा ईश्वरावर विश्वास दिसत नाही, पण तो ईश्वर नाकारतही नाही, असे आढळले की त्याला कधी अज्ञेयवादी म्हटले जाते, कधी संशयवादी, आणि पुष्कळदा एकाच परिच्छेदात दोन्ही. आस्तिक आणि नास्तिक ही दोन ठाम टोके आणि त्यांच्या मधल्या धूसर पट्ट्यात उरलेले सगळे, असा नकाशा या वापरामागे गृहीत असतो. मधल्या पट्ट्यातील भेद समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे नाहीत, असेही त्यात अनुस्यूत असते.

हा नकाशाच चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अज्ञेयवाद ही ज्ञानाच्या सीमेविषयीची भूमिका आहे. संशयवाद ही दाव्याच्या आधाराविषयीची रीत आहे. एक प्रश्नापाशी थांबते. दुसरी प्रश्न विचारीत राहते. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात, एक असून दुसरी नसू शकते आणि दोन्ही नसणे तर अगदीच सामान्य आहे. हा भेद नीट लक्षात न घेतल्यामुळे आपली काही महत्त्वाच्या कृतींची वाचने एकारली आहेत, आणि समीक्षेच्या स्वतःच्या व्यवहारातही एक सोयीस्कर आळस शिरला आहे. प्रथम संज्ञा, मग दोन लेखक आणि शेवटी समीक्षाव्यवहार, या क्रमाने हे प्रतिपादन मांडू.

१

‘अज्ञेयवाद’ या संज्ञेला मूळ इंग्रजीत निश्चित जन्मवर्ष आहे. टी. एच. हक्सले यांनी १८६९ साली लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीच्या वर्तुळात ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द घडविला. आपल्याभोवतीचा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या ‘वादा’चा पुरस्कर्ता आहे आणि विश्वाचे कोडे उलगडल्याची त्याला खात्री आहे, आपल्याला मात्र ती नाही, या जाणिवेतून तो शब्द आला. चर्चच्या इतिहासातील ‘नॉस्टिक’ म्हणजे गूढज्ञानाचा दावा करणाऱ्या पंथीयांच्या विरुद्ध अर्थाने तो योजलेला होता. हा शब्द ज्ञात्याचे वर्णन करतो, ज्ञेयाचे नव्हे. ‘मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचे मी ढोंग करणार नाही’ एवढेच त्यात आहे. पुढे १८८९ साली हक्सले यांनी तो सिद्धान्त नसून एक रीत आहे असे स्पष्ट केले: बुद्धी नेईल तिथवर जावे आणि जे सिद्ध झालेले नाही ते निश्चित असल्याचे सांगू नये.

मराठीत आलेला पर्याय मात्र निराळा आहे. ‘अज्ञेय’ म्हणजे जे जाणता येत नाही ते. येथे विशेषण ज्ञात्याकडून उठून विषयाला जाऊन चिकटले. ‘मला माहीत नाही’ याचे ‘ते जाणण्याजोगेच नाही’ असे रूपांतर झाले. ‘अज्ञात’ आणि ‘अज्ञेय’ यांत जेवढे अंतर आहे तेवढेच हक्सले यांच्या भूमिकेत आणि आपल्या संज्ञेत आहे. ही संज्ञा हर्बर्ट स्पेन्सर यांच्या विचाराशी अधिक जुळते, हा काही केवळ योगायोग वाटत नाही. स्पेन्सर यांच्या १८६२ सालच्या ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ या ग्रंथाचा पहिला भागच अज्ञेयाला वाहिलेला आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रातील इंग्रजीशिक्षित वर्गाने स्पेन्सर मोठ्या आस्थेने वाचला. स्पेन्सर यांच्या मते सर्व दृश्यमान घटनांच्या मुळाशी एक शक्ती आहे, फक्त तिचे स्वरूप मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणजे ती आहे हे ठाऊक आहे. कशी आहे हे ठाऊक होणार नाही. हक्सले यांचा अज्ञेयवाद रिकामी जागा रिकामीच ठेवतो. स्पेन्सर यांचा अज्ञेयवाद त्या जागेवर पडदा टाकतो, आणि पडदा टाकला की त्याच्यामागे काहीतरी आहे असे मानणे आलेच.

‘संशय’ या शब्दाची अडचण याच्या उलट आहे. ‘स्केप्टिक’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ पाहणे, न्याहाळणे, तपासणे असा आहे. सेक्स्टस एम्पिरिकस याने आपल्या पिऱ्होवादाच्या रूपरेषेच्या आरंभीच तत्त्वचिंतकांचे तीन वर्ग केले. सत्य सापडले असे म्हणणारे पहिले; सत्य सापडणे शक्यच नाही असे म्हणणारे दुसरे; आणि अजून शोधणारे तिसरे. यांतील तिसरे तेच स्केप्टिक. या वर्गीकरणाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. ‘ते जाणता येणारच नाही’ असे ठामपणे सांगणारा, म्हणजे आपल्या संज्ञेच्या काटेकोर अर्थाने ‘अज्ञेयवादी’, हा सेक्स्टसच्या दृष्टीने दुसऱ्या वर्गात पडतो. तो संशयवादी तर नाहीच. उलट आपल्या नकाराविषयी तो निःशंक आहे. या दोन भूमिका एकमेकींच्या शेजारी असल्या तरी त्यांच्यामध्ये भिंत आहे, ती ही.

मराठीत मात्र ‘संशय’ म्हणजे तपासणी असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. संशयी नवरा, संशयाचे भूत, पोलिसांनी संशयावरून धरलेला माणूस, असे या शब्दाचे सोयरे आहेत. गीतेच्या चौथ्या अध्यायाने संशयी मनुष्याला विनाशाचे भाकीत ऐकवले आहे, आणि कीर्तन-प्रवचनांतून ते शतकानुशतके कानांवर पडत आले आहे. त्यामुळे ‘संशयवादी’ हे विशेषण नकळत दूषण होते आणि त्या मानाने ‘अज्ञेयवादी’ नम्र, सुसंस्कृत वाटते. आवडत्या लेखकाला समीक्षक अज्ञेयवादी म्हणतात आणि न आवडत्याला संशयवादी, असे जे अनेकदा दिसते त्याचे एक कारण विचारात नसून शब्दांच्या या वासात आहे.

२

आपल्या परंपरेत हा भेद नव्हता असे मात्र नाही. न्यायदर्शनाने सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशय हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. तो दोष म्हणून सांगितलेला नाही. वात्स्यायनाच्या भाष्यात असे स्पष्ट केले आहे की ज्याची मुळीच उपलब्धी नाही अशा विषयात न्यायाची प्रवृत्ती होत नाही आणि ज्याचा निर्णय झाला आहे अशा विषयातही होत नाही. ती होते संशयित विषयात. संशय हे विचाराचे दार आहे. अंधुक प्रकाशात समोर दिसते तो खुंट की माणूस, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दोन्ही पक्षांना समान असे काही दिसते आहे, भेदक असे काही दिसत नाही, आणि मनाला भेदक खुणेची अपेक्षा आहे, अशी ही स्थिती. नैयायिकांचा संशय मुक्कामाचे ठिकाण नव्हे. त्याला निर्णयाची ओढ आहे. निर्णय हाही त्या सोळांतलाच एक पदार्थ आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला संजय बेलट्ठिपुत्त आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात त्याचे मत आले आहे. परलोक आहे काय असे विचारले असता तो आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आहे-नाही दोन्ही म्हणत नाही आणि दोन्ही नाही असेही म्हणत नाही. बौद्ध ग्रंथकारांनी या प्रकाराला अमराविक्षेप असे नाव दिले. हातात न सापडणाऱ्या निसरड्या माशाची उपमा त्यामागे आहे, असा अर्थ लावला जातो. परंतु स्वतः बुद्धानेही जग शाश्वत की अशाश्वत यासारखे प्रश्न अव्याकृत ठेवले. मालुंक्यपुत्ताला त्याने दिलेला विषारी बाणाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: बाण कोणी मारला, त्याचे गोत्र कोणते, हे कळेपर्यंत जो बाण उपटू देणार नाही तो मरून जाईल. दोघेही उत्तर देत नाहीत, पण दोन मौनांत फरक आहे. संजय उत्तर टाळतो. बुद्ध प्रश्नच तपासतो आणि तो दुःखनिवृत्तीच्या कामाचा नाही असे कारण देतो. कारण दिले की मौनही चिकित्सेचा भाग होते.

आणि संशयाची परिसीमा पाहायची तर जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ पाहावा. १९४० साली बडोद्याहून हा ग्रंथ प्रकाशात आला. जयराशी ईश्वराविषयी ‘ठाऊक नाही’ म्हणत बसत नाही. तो प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी एकेक प्रमाणे घेतो आणि तुम्ही केलेली त्यांची लक्षणे तुमच्याच कसोटीला उतरत नाहीत हे दाखवीत जातो. हा संशयवाद विषयाची निवड करीत नाही. अज्ञेयवादाला मात्र विषय लागतो: ईश्वर, परलोक, अंतिम कारण. आसनगावची गाडी किती वाजता सुटते याविषयी कोणी अज्ञेयवादी नसतो. संशयवादी मात्र जरूर असू शकतो.

३

मराठीत या दोन प्रवृत्ती एकाच लेखकात स्पष्टपणे वेगळ्या दिसाव्यात असे पहिले मोठे उदाहरण गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचे. ईश्वर व अंतिम कारण यांविषयी त्यांना अज्ञेयवादी म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो रास्त आहे. परंतु १८८८ साली सुरू झालेल्या ‘सुधारका’तील त्यांच्या निबंधांचे बळ या अज्ञेयवादात नाही. ‘देवतोत्पत्ति’सारखा निबंध देव आहे की नाही हा प्रश्न सोडवायला बसत नाही, देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगवल्या असतील, याचा शोध घेतो. केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे यांविषयी लिहिताना ते ‘कोणास ठाऊक’ असे कधी म्हणत नाहीत. या रूढीला आधार काय, तिचे फळ काय, असेच विचारतात. अंतिम प्रश्नी अज्ञेय आणि ऐहिक प्रश्नी संशय, अशी ही कामाची वाटणी आहे. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती पहिल्या भूमिकेसाठी नव्हे, दुसरीसाठी. ब्रह्माचे स्वरूप जाणता येत नाही असे म्हणणाऱ्याला आपल्या समाजाने कधी त्रास दिलेला नाही. तसे म्हणणारे तर आपल्याकडे पूज्यच ठरले.

आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने रूपांतर केले. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. या नाटकाच्या नायकाला आपण सरसकट ‘संशयग्रस्त’ म्हणतो. परंतु त्याच्याही दोन अवस्था वेगळ्या काढता येतात. पित्याच्या भुताने सांगितलेली हकीकत तो तशीच स्वीकारीत नाही. राजासमोर नाटक करवून घेऊन तो त्या साक्षीची परीक्षा घेतो. हा संशय, आणि त्याचा निर्णयही होतो. मरणानंतर काय, या प्रश्नापाशी मात्र कोणतीच परीक्षा शक्य नसते आणि तो तिथे थबकतो. हे अज्ञेय. नाटकातील कृती पहिल्यातून पुढे सरकते आणि दुसऱ्यापाशी खोळंबते. दोहोंना एकच नाव दिले की नाटकाची गतीच आपल्या हातून निसटते.

४

आता विसाव्या शतकातील दोन लेखक घेऊ. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथेविषयी ‘नियतिवाद’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याची तपासणी करण्याचे कारण कोणाला वाटत नाही. काही समीक्षकांनी त्यांच्या विश्वदृष्टीला संशयवादी असेही म्हटले आहे. या दोन्ही वर्णनांपेक्षा ‘अज्ञेयवादी’ हे वर्णन त्यांना अधिक लागू पडते, आणि तेही स्पेन्सरच्या अर्थाने.

त्यांच्या संग्रहांची नावेच पाहावीत. ‘रमलखुणा’ (१९७५), ‘सांजशकुन’ (१९७५), ‘पिंगळावेळ’ (१९७७). रमल ही फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. शकुन म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधी उमटलेली खूण. पिंगळा हा पहाटे येऊन भविष्य सांगणारा. तिन्ही नावे भाकिताच्या व्यवहारातली आहेत. खूण आहे असे म्हटले की ती कशाची तरी खूण आहे हे मान्य होते. जी.एं.च्या कथेत खुणा विपुल असतात: वाटेत भेटणारी अनोळखी माणसे, पुन्हा पुन्हा दिसणारे प्राणी, चिन्हांकित वस्तू. त्यांचा अर्थ लागत नाही, किंवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. परंतु त्या खुणा नाहीतच, तो निव्वळ धूळ, दगड आणि योगायोग आहे, ही शंका या कथेच्या निवेदनाला सहसा शिवत नाही. पात्रे विव्हळतात, बंड करतात, प्रश्न विचारतात. पडद्यामागे काहीच नसेल असे निवेदन मात्र म्हणत नाही.

‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा या संदर्भात निर्णायक आहे. एक साधा प्रवासी एका मठात नेला जातो आणि जमिनीखालच्या जागेत ‘स्वामी’ म्हणून कायमचा कोंडला जातो. मठाला स्वामी हवा. तो हाच का, याला उत्तर नाही. या कथेत संशयाला भरपूर वाव आहे. मठाचा व्यवहार उघडउघड ऐहिक आहे, आणि वरच्या भाविकांच्या श्रद्धेखाली एक कैदी आहे हे वाचकाला दिसते. आगरकरी पिंडाच्या लेखकाने या ठिकाणी मठाची चिकित्सा केली असती. जी.ए. तिकडे जात नाहीत. त्यांना त्या बंदिस्त माणसाचे आणि त्याने हवेच्या छिद्रातून वर चढवलेल्या वेलीचे नाते महत्त्वाचे वाटते. संस्थेचे कपट हळूहळू मागे पडते आणि मानवी स्थितीचे रूपक पुढे येते. ज्या गोष्टीचे कारण शोधता आले असते ती गोष्ट अकारण, म्हणून अज्ञेय, म्हणून भव्य होते. हे जी.एं.चे सामर्थ्य आहे यात शंका नाही. वेल वर उजेडात पोहोचते तेव्हा वाचकाला जे जाणवते ते चिकित्सेने मिळणारे नव्हे. परंतु त्या सामर्थ्याची किंमतही तिथेच आहे. अज्ञेयाच्या छायेत माणसांनी माणसांवर केलेला अन्यायही नियतीच्या खात्यावर जमा होतो. जी.एं.ना संशयवादी म्हणणारी समीक्षा ही किंमत पाहूच शकत नाही, कारण जो संशय तिथे नाही तोच ती गृहीत धरते.

५

अरुण कोलटकर यांची ‘जेजुरी’ इंग्रजीत लिहिलेली असली तरी तिच्यातील स्थळ, देव, पुजारी आणि बहुधा त्यांचे सगळे बोलणे मराठी आहे. १९७६ साली ती पुस्तकरूपाने आली आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाडे यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप सुपरिचित आहे: आठवड्याअखेरीस मुंबईहून येऊन परतणाऱ्या पर्यटकाची ही नजर आहे. बाजू घेणाऱ्यांनी तिला आधुनिक मनाच्या अज्ञेयवादाची कविता म्हटले. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: या कवितेचा विषय देवावर विश्वास ठेवावा की नाही हा आहे.

कोलटकरांनी स्वतः एका मुलाखतीत देवावरील विश्वासाबद्दल विचारले असता, तो प्रश्न आपण तसाच राहू देतो, कोणती एक भूमिका घेतलीच पाहिजे असे आपल्याला वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले होते. हा अज्ञेयवाद नव्हे. अज्ञेयवाद्याला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तर मिळत नाही एवढेच त्याचे म्हणणे असते. येथे प्रश्नच बाजूला ठेवला आहे, आणि तो बाजूला ठेवल्यामुळे समोरच्या वस्तू दिसू लागल्या आहेत.

या वस्तू एकामागून एक अशा रीतीने येतात की नैयायिकांच्या खुंट-माणूस उदाहरणाची आठवण व्हावी. उंबरठा म्हणून जे दिसते तो उंबरठा नसून आडवा पडलेला खांब असतो. आणखी एक देऊळ समजून आत डोकवावे तर वासरू डोळे मोठे करून पाहते. तो गोठा असतो. दगड कोणता आणि देव कोणता, यांच्यातली रेष जेजुरीत अगदी बारीक आहे. प्रत्येक ठिकाणी दोन पक्ष, समान धर्म, आणि भेदक खुणेची अपेक्षा. फरक एवढाच की नैयायिकाचा संशय निर्णयाने विरतो, तर येथे निर्णय झाल्यावरही वस्तूचे जुने रूप पुरते जात नाही. ज्या मोडक्या देवळात कुत्री आपल्या पिल्लांसह राहते ते पूजास्थान उरले नसले तरी देवाचे घर उरतेच.

‘अ लो टेम्पल’ या कवितेत काळोख्या देवळात पुजारी पाहुण्याच्या काड्यापेटीतील काड्या ओढून एकेक देव दाखवतो. पुजारी देवी आठ हातांची असल्याचे सांगतो. पाहुणा मोजतो तर हात अठरा. पुजाऱ्यावर या मोजणीचा काही परिणाम होत नाही. पुजाऱ्याचे अज्ञान आणि पाहुण्याची चिकित्सा असा या कवितेचा अर्थ सर्रास लावला जातो. परंतु मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबायला हवे. पुजारी मराठीत काय म्हणाला असेल? ‘अष्टभुजा’. आणि अष्टभुजा ही मोजणी जेवढी आहे तेवढेच ते नावही आहे. इंग्रजीत येताना नावाची संख्या झाली आणि संख्या खोटी ठरली. अठरा भुजांची देवी महाराष्ट्राला अपरिचित नाही. वणीची सप्तशृंगी तशीच आहे. पाहुण्याने खोडून काढलेले विधान पुजाऱ्याने कदाचित केलेलेच नव्हते. कवितेत संशयाचे विशेषण माणसाला नव्हे, काडीला लावले आहे, हेही लक्षात घ्यावे. काडी क्षणभर उजेड देते आणि विझते. तिचा उजेड खरा असतो, पण अपुरा असतो. येथे संशयवाद पुजाऱ्यावर जय मिळवीत नाही. दावा कोणत्या जातीचा आहे हे मोजणीने ठरत नाही, हे तो वाचकाच्या लक्षात आणून देतो. स्वतःच्या साधनाची मर्यादा उघडी करतो. हीच उत्तम चिकित्सेची खूण आहे.

याच काड्यापेटीची दुसरी कविता ‘मकरंद’. तिच्यातील बोलणारा सदरा काढून पूजेला आत जायला नकार देतो. सोबत्याला खुशाल जा म्हणतो, जाण्यापूर्वी काड्यापेटी मागून घेतो आणि सिगारेट ओढायला अंगणात थांबतो. त्याला कोणाचे खंडन करायचे नाही, आत काय आहे हे पाहायचेही नाही. येथे काडी देवावर उजेड पाडीत नाही. व्यवहारातला अज्ञेयवाद पाहायचा असेल तर तो हा: सभ्य, निरुपद्रवी, अंगणात थांबलेला. तीच काडी आत नेली की संशय होतो. कोलटकरांनी दोन्ही कविता एकाच पुस्तकात ठेवल्या आहेत आणि दोन्ही एकसारख्या नाहीत हे सांगण्याची त्यांना गरज वाटलेली नाही. ती गरज समीक्षेची होती.

नेमाडे यांच्या आक्षेपात तथ्य उरते ते असे: या पाहुण्याच्या संशयाला किंमत मोजावी लागत नाही. आगरकरांना मोजावी लागली. गावच्या मुलीने खंडोबाची मुरळी होण्याला हरकत घेतली तर तिच्या हरकतीला जे मोल असेल ते पाहुण्याच्या मोजणीला असू शकत नाही. परंतु पुस्तक येथे संपत नाही. शेवटी पाहुणा रेल्वे स्थानकावर येतो आणि पुढची गाडी केव्हा हे त्याला कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा घड्याळापुढे बकरा कापण्याचे, रुळावर नारळ फोडण्याचे, स्टेशनमास्तरला दुधाने न्हाऊ घालण्याचे नवस सुरू होतात. दिवसभर इतरांच्या श्रद्धा तपासणारा आता स्वतः अज्ञाताच्या दारात उभा आहे, आणि त्याच्या तोंडी भाविकाचीच भाषा येते. संशय अखेर संशय घेणाऱ्यावर उलटतो. निव्वळ पर्यटकाला हे सुचत नाही.

अशा रीतीने दोन लेखक समोरासमोर ठेवता येतात. जी.ए. हे संशयाविना अज्ञेयवादी. कोलटकर हे अज्ञेयाविना संशयवादी. जी.एं.ना विचारावे, ही खूण कशाची? कोलटकर विचारतात, ही खूण आहे कशावरून? एकच विशेषण दोघांना लावल्यास मराठी साहित्यातील एक मोठा वाद होण्याआधीच मिटवला जातो.

६

हा भेद समीक्षेच्या स्वतःच्या व्यवहारालाही लागू करणे भाग आहे. गेल्या काही दशकांत ‘अर्थ अनिर्णेय असतो’, ‘संहितेची अनेक वाचने संभवतात’ ही वाक्ये प्रबंधांच्या उपसंहारात इतक्या नियमाने येतात की ती शिक्क्यासारखी झाली आहेत. ती लिहिणाऱ्यांना आपण संशयवादी भूमिका घेत आहोत असे वाटते. वस्तुतः ती बहुधा अज्ञेयवादी असतात. संहितेचा अर्थ कळणार नाही हे आधीच ठरलेले असते. म्हणून तो कळून घेण्याचे श्रमही वाचतात.

विमसॅट आणि बिअर्डस्ली यांच्या १९४६ सालच्या प्रसिद्ध लेखातील सूत्र येथे उदाहरणादाखल घेता येईल. लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष म्हणून उपलब्धही नाही आणि इष्टही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील ‘उपलब्ध नाही’ हे विधान ज्ञानाच्या सीमेचे आहे. ‘इष्ट नाही’ हे मूल्याचे. आपल्या वर्गांतून पहिलेच विधान शिकवले जाते, आणि तेही सार्वत्रिक सत्य म्हणून. परंतु अमुक लेखकाच्या अमुक कृतीबाबत पत्रे, हस्तलिखिते, पाठभेद उपलब्ध आहेत की नाहीत हा शोधाचा प्रश्न आहे; शोध न करताच ‘उपलब्ध नाही’ म्हणणे हा सिद्धान्त नव्हे.

पिऱ्होवाद्यांना निर्णय स्थगित ठेवण्याचा अधिकार फुकट मिळत नव्हता. दोन्ही पक्षांचे पुरावे मांडायचे, ते समबल आहेत हे दाखवायचे, आणि मगच निर्णय थांबवायचा, अशी त्यांची रीत होती. स्थगिती कमवावी लागते. ‘अनेक वाचने संभवतात’ असे लिहिणाऱ्याने कोणती, कोणत्या शब्दांच्या आधारे, आणि त्यांतील एक दुसरीपेक्षा सरस का ठरत नाही, हे दाखवले तर ते वाक्य चिकित्सेचे फलित होईल. अन्यथा संजय बेलट्ठिपुत्ताच्या उत्तरासारखे ते कोणत्याही प्रश्नाला चालेल.

या प्रश्नाचे महत्त्व विद्यापीठाच्या भिंतींपुरते नाही. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या द्वारे जे काम केले त्यात हाच भेद सातत्याने पाळलेला दिसतो. ईश्वरावरील विश्वास हा त्यांच्या मोहिमेचा विषय नव्हता. चमत्काराचा दावा, अंगात येणे, भोंदू उपचार, म्हणजे तपासता येतील अशा गोष्टी हा विषय होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्या विरोधकांचा युक्तिवाद नेहमी एका ठिकाणी येत असे: शेवटी हे सगळे गूढ आहे, बुद्धीच्या पलीकडचे आहे. म्हणजे जे तपासता येते त्यालाही अज्ञेयाचे कवच द्यायचे. आगरकरांच्या काळापासून हे कवच वापरात आहे, आणि ‘अज्ञेय’ या आपल्या संज्ञेनेच ते थोडे मजबूत केले आहे.

म्हणून या दोन शब्दांचा वापर काटेकोर व्हावा ही मागणी पारिभाषिक टापटिपीची नाही. जिथे खरोखर सीमा आहे तिथे ती मान्य करणे हा बौद्धिक प्रामाणिकपणा आहे आणि त्याला अज्ञेयवाद हे नाव योग्य आहे. परंतु सीमा कुठे आहे हे चालत जाऊनच कळते, आणि ते चालणे हे संशयाचे काम आहे. समीक्षकाने कोणत्याही कृतीपुढे ‘हे कळणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण कुठवर गेलो होतो हे सांगितले पाहिजे. जी.एं.च्या खुणा आणि कोलटकरांचे दगड यांच्या समीक्षेपुरती तरी ही अट आपण स्वीकारावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.